हाताखाली सासरे

शिंप्याचा उजवा खांदा आखडला आणि नाट्यगृहाच्या दरवानांचे लाल कोट अर्धवट राहिले. शनिवारी नाट्यगृह उघडणार होतं. कोट वेळेत आले नाहीत तर काम समोरच्या दुकानाला जाईल, असं व्यवस्थापकाने हसत हसत सांगितलं होतं, आणि हसणारे व्यवस्थापक शब्दाला फार पक्के असतात. हाताखाली माणूस घेणं भाग होतं.

"बाबांना घ्या ना," बायको म्हणाली. "पाणीखात्यातून निवृत्त होऊन आपल्याकडे आल्यापासून घरभर नळ बंद करत फिरतात. काल मी डोक्याला साबण लावला होता, तेव्हासुद्धा केला."

दुसऱ्या दिवशी सासरे कडक इस्त्रीच्या शर्टात दुकानात हजर. "जावईबापू, आजपासून मी आपला शिकाऊ. चुकलं तर बेलाशक बोला."

इथेच घोडं अडलं. शिंपी स्वतः उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकला होता. शिवी वगळून काज कसं शिकवायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. 'आपण गाढव आहात' हे वाक्य त्याने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ते मानपत्रातलं वाटलं.

पहिल्या कोटाला सासऱ्यांनी बटणं आणि काजं एकाच बाजूला केली.

"छान," शिंपी म्हणाला. "टाका सरळ आलाय. फक्त कोट लागत नाहीये, एवढंच."

"दार उघडणाऱ्याचा ना? उघडाच शोभेल."

शिंप्याची नजर कोपऱ्यातल्या लाकडी पुतळ्यावर गेली. त्याला डोकं नव्हतं, त्यामुळे राग येण्याचा प्रश्न नव्हता. "अरे ए गाढवा!" शिंपी त्याच्यावर खेकसला. "काजं डावीकडे, बटणं उजवीकडे! डोळे आहेत का भोकं?"

सासऱ्यांनी निमूटपणे कोट उसवायला घेतला.

मग तोच रिवाज पडला. बाही उलटी लागली, पुतळ्याला शिव्या. अस्तर जळलं, पुतळ्याचं खानदान निघालं. दोन दिवस काम बरं चाललं. पण मग सासऱ्यांना या व्यवस्थेची गोडी लागली.

"खिसा पाठीवर कसा आला, बाबा?"

"त्याचंच काम," सासरे पुतळ्याकडे मान उडवत म्हणाले. "मी सांगत होतो त्याला. ऐकेल तर शपथ."

गुरुवारी संध्याकाळी एका कोटाच्या दोन्ही बाह्या मनगटाशी शिवून बंद केलेल्या निघाल्या. शिंप्याचा तोल गेला. "चालता हो!" तो पुतळ्यावर ओरडला. "उद्यापासून दुकानात पाय ठेवू नकोस!"

सासऱ्यांनी कात्री खाली ठेवली, चष्मा काढला, पुतळा काखेत मारला आणि ते निघून गेले.

घरी बायको दारातच उभी होती. "बाबांना काढलंत?"

"छे! पुतळ्याला काढलं."

"मग बाबा का जेवत नाहीयेत?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

"ते त्याची समजूत घालतायत."

शुक्रवारी सकाळी शिंप्याने डाव्या हाताने दुकान उघडलं. उजवा हात कमरेच्या वर जाईना. कोटांचा ढीग होता तसाच. एवढ्यात सासरे आले, रिकाम्या हाताने. त्यांनी एक लाल कोट अंगात घातला आणि ते कोपऱ्यात, पुतळ्याच्या जागी, ताठ उभे राहिले.

"इथली जागा रिकामी झाली म्हणे," ते म्हणाले. "आता इकडे बघून बोला."

"बाबा, मला नाही हो जमायचं."

"बाबा घरी आहेत. मी पुतळा."

"पुतळ्याला शिवता येत नाही."

"आधीच्याला येत नव्हतं. त्याला हात कुठे होते?"

शिंप्याने घसा खाकरला. "गाढवा," तो हळूच म्हणाला.

"असं कुजबुजून कोण शिकतं?"

"गाढवा! उभा काय राहिलास खांबासारखा? सुई घे! आणि बाही उघडी ठेव, माणसांना हात बाहेर काढायचे असतात!"

"हो उस्ताद!" सासरे म्हणाले आणि भराभर उसवू लागले. दिवसभर दुकानातून असे शब्द बाहेर पडत होते की समोरच्या दुकानदाराने आपल्या मुलीला आत पाठवलं.

शनिवारी व्यवस्थापकाने एकेक कोट उलटासुलटा करून पाहिला. काजं डावीकडे, बाह्या उघड्या. मग त्याने कोपऱ्यात छाती काढून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"शिकाऊ," शिंपी म्हणाला. "ए ठोंब्या, साहेबांना कोट बांधून दे!"

व्यवस्थापक चपापला. "अहो, वयाने मोठे दिसतात. जरा अहोजाहो करा की."

"करून पाहिलं," शिंपी म्हणाला. "टाके सुटतात."