आंदणातली पस्तीस मजली इमारत

आमच्या दादाजीमामांच्या हाती माइक देऊ नये, हे मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या वार्डात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी प्रत्येक लग्नात माइक त्यांच्याच हाती जातो, कारण दुसऱ्याला दिला तर मामा जेवत नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, दीपिकाच्या लग्नात तर ते वधूचे मामा. मंगल परिणय आटोपला, फुलं उधळून झाली आणि मामा मांडवात मांडलेलं आंदण एकेक करून पुकारू लागले. कूलर झाला, आलमारी झाली, आणि मग आवाज चढला.

"और अब! मुलीच्या मोठ्या बहिणीकडून, पुण्याच्या इंजिनिअर संघमित्राकडून, पस्तीस मजल्याची बिल्डिंग!"

मी इंजिनिअर नाही, आर्किटेक्ट आहे. पण हे मामांना समजावणं मी कॉलेजातच सोडून दिलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, मामा माझ्या कामाचं कौतुक करताहेत. मी चक्क हात जोडून सगळ्यांकडे बघून हसले.

पुण्यात ऑफिसांचा एक टॉवर उभा राहायचा आहे आणि त्याचं डिझाइन माझं आहे. एवढं मोठं काम माझ्याकडे पहिल्यांदाच आलंय. मालक नागपूरचे. त्यांना सगळं पसंत होतं, फक्त विसावा मजला नको होता. तो मी तीन मजल्यांइतका उंच आणि मोकळा ठेवला होता. भिंती नाहीत, काचा नाहीत; झाडं, बाकडी आणि आरपार वारा. वरखालच्या ऑफिसांतली माणसं जेवणाच्या सुट्टीत तिथं येऊन बसतील, असं माझं स्वप्न. मालक म्हणाले, "आणि भाडं कोण देणार, वारा?" कागदावर तो मजला दात पडल्यासारखा दिसायचा, हे मलाही कबूल आहे. म्हणून मी कमरेइतकं उंच मॉडेल केलं. लग्न आटोपलं की ते परस्पर नागपूरला नेऊन दाखवायचं होतं, हे दीपिकालाही ठाऊक होतं. तेवढ्यानंही मालकांना पटलं नसतं, तर विसावा मजला भिंतींनी बंद झाला असता.

मांडवात कोणाचा धक्का लागू नये म्हणून आईनं ते मॉडेल आलमारी आणि कूलरच्या मधोमध नेऊन ठेवलं होतं. वर नवी जरीची ओढणीही घातली होती. आता आंदणाच्या रांगेत जरीची ओढणी घेऊन उभी असलेली वस्तू आंदण नाही, असं कोण म्हणेल? मामा तर नाहीच नाही.

दीपिकाला निरोप देताना मी पोटभर रडले. डोळे पुसून मांडवात आले तेव्हा आंदणाचा कोपरा रिकामा होता. सामानाची गाडी लामत्याला, दीपिकाच्या सासरी, केव्हाच निघून गेली होती.

"मामा, ते मॉडेल होतं माझं! परवा नागपूरला दाखवायचंय!"

"मंग पहिले काहून नाई सांगतलं? मी माइकवर बोलून राह्यलो तं तू हात जोडून हासत होती!"

मामांवर असा संताप आला की विचारू नका. मी रवीला, म्हणजे नव्या जावयाला, फोन लावायला निघाले, तर आईनं फोनच हिसकावला.

"आंदन वापस मांगत नसते, मित्रा. साऱ्या वरातीसमोर पुकारलं. आता मांगतलं तं दीपिकाचं नाक कापल्या जाईन. तिचा उद्या पहिला दिवस आहे त्या घरात."

आईचं खरं होतं, आणि म्हणूनच जास्त चिडचिड झाली. बहिणीचा मान की माझा विसावा मजला, असं तराजूत घातलं तर बोलायची सोयच उरत नाही. दुसऱ्या दिवशी मांडवपरतणीसाठी दीपिका-रवीला घरी आणायला मामा लामत्याला निघाले, तेव्हा मीही जीपमध्ये बसले. निदान डोळ्यांनी बघून तरी यावं म्हटलं.

मॉडेल समोरच्या खोलीत टेबलावर होतं, बुद्धाच्या फोटोखाली. रवीच्या आईनं त्याच्यात निळ्या बल्बांची माळ घातली होती. सगळीकडे काचा चिकटवलेल्या, म्हणून वायर आत शिरायला एकच जागा सापडली होती, विसावा मजला. तेवढाच मजला झगमगत होता आणि निम्मं गाव तो बघायला लोटलं होतं.

"आमच्या सुनच्या बहिनीनं देल्ली," रवीची आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. "पुन्यात अशीच खरी बांधून राह्यली ते!"

मला खुर्ची देऊन बिल्डिंग समजावून सांगायचा आग्रह झाला. मग मीही खुलले. लिफ्ट मधोमध का, वाऱ्याचा जोर इमारत कशी झेलते, सगळं सांगितलं. एका आजीनं विचारलं, "अन् हे उघडं काहून ठेवलं? पाखरं घर करतीन ना बाप्पा!" सगळे हसले, मीही हसले. मॉडेल परत मागायची हिंमत काही झाली नाही. दीपिका दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

चहा झाला, आम्ही उठलो. रवीच्या आईनं दीपिकाच्या हाती बुंदीचा डबा दिला आणि रवीला म्हणाल्या, "ते बिल्डिंग उचल. जीपमंदी ठेव."

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मांडवपरतनीले सूनले आम्ही रिकाम्या हातानं पाठवत नाई. घरात जे सोभते ते संग देतो. कोनाले काई म्हनाचं आहे?"

रवीनं माळेसकट बिल्डिंग उचलली.

जीपपाशी रवीच्या आईनं मला बाजूला घेतलं. "सकाळी चहा मांडता मांडता दीपिकानं समदं सांगतलं. घरात पहिलाच दिवस पोट्टीचा, पन बहिनीसाठी बोलली. मले अशीच सून पाह्यजे होती." आणि लगेच कडक आवाजात म्हणाल्या, "काम झालं का वापस आनजो! आंदन आहे आमचं."

दीपिका-रवीला बालाघाटला सोडून दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच जीपनं नागपूरला निघालो. वाटेतलं राजेगाव मागे पडेपर्यंत मी मागच्या सीटवर मॉडेलला मिठी मारून रडत होते. मामा तर गप्प बसलेच नाहीत. सारं आपल्यामुळेच कसं जमून आलं, हे ते नागपूरपर्यंत सांगत होते.

माळ मी काढली नाही. मालकांच्या ऑफिसात पोचल्यावर बटण दाबलं, विसावा मजला उजळला, आणि मालक बराच वेळ वाकून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "संध्याकाळी खरंच असा दिसेल? मग राहू द्या."

पुण्यातली इमारत व्हायला अजून तीन-चार वर्षं लागतील. लामत्यातली मात्र झालीसुद्धा. कबूल केल्याप्रमाणे मी ती परत नेऊन दिली. परवा रवीच्या आईचा फोन आला.

"मित्रा, तुह्या बिल्डिंगीत भाडेकरू आले वो. इसाव्या मजल्यावर चिमनीनं घर केलं."