उघडा आवाज

घशाच्या ऑपरेशनमध्ये ताईचं स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. त्याआधी तिने गायलेली गाणी धाकट्या भावाच्या स्टुडिओत अर्धवट मिक्स होऊन पडली होती. आज करू, उद्या करू म्हणत त्याने तीन वर्षं घालवली. शेवटी एका दुपारी ताईच येऊन बसली. आता ती मोबाइलवर टाइप करून बोलायची.

'माझ्या तेराव्याला वाजवणार आहेस का?' तिने दाखवलं आणि आवाज न करता हसली.

त्याने प्रोजेक्ट उघडला, तर पडद्यावर तांबड्या सूचनाच सूचना. गायकाचा आवाज घासूनपुसून गुळगुळीत करणारा त्याचा लाडका प्लगइन चालेना. तो ज्या जुन्या फॉरमॅटमध्ये बनवलेला होता, त्याचे परवाने देणं त्या फॉरमॅटच्या कंपनीने बंद केलं होतं. स्टुडिओतल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्याला थाराच नव्हता, आणि प्लगइन बनवणाऱ्याने तर केव्हाच गाशा गुंडाळला होता.

"दुसरा शोधतो, ताई. दोन दिवस दे."

'आहे तसं लाव.'

"अगं, कच्चं आहे ते."

तिने त्याच शब्दांवर बोट आपटलं. त्याने नाइलाजाने लावलं.

आवाज उघडा पडला. वरच्या सुरांवर खरखर होती, जाड कापड फाटावं तशी. ताईने हात वर करून थांबवलं, पुन्हा लावायला लावलं. तिचा दुसरा हात नकळत गळ्यावरच्या, श्वासासाठी ठेवलेल्या भोकाशी गेला.

'हे कधीचं?'

"ऑपरेशनच्या आदल्या वर्षीचं."

'तेव्हा ऐकवलंस ते असं नव्हतं.'

"मी साफ केलं होतं. वाटलं, सर्दी असेल. सगळ्यांचंच करतो गं मी."

ताईने बराच वेळ टाइप केलं, खोडलं, मग एकच ओळ पुढे धरली. 'डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर आधी आला असतात तर आवाज वाचला असता.'

त्याला ते सांगायची गरज नव्हती. तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीत तोच बसला होता.

ती उठली. तो जिन्यापर्यंत मागे गेला, पण तिने मागे न बघताच हाताने त्याला थोपवलं.

पुढच्या आठवड्यात भावजींचा फोन आला. "सगळी गाणी पाठव म्हणतेय. साफ न करता." मग म्हणाले, "आणि सध्या घरी येऊ नकोस रे."

त्याने गाणी होती तशी पाठवली. भावजींनी 'मिळाली' एवढंच कळवलं.