कुणी विचारायचं नाही

"माझ्या हृदयाची गोष्ट अशी आहे की—" व्हर्लिनने सुरुवात केली.

"थांबा," ट्वायलाबाई म्हणाल्या. "मी विचारलं का?"

व्हर्लिन कुचेरा थांबला. त्याच्या बायकोने, आर्लिसने, पर्समधून दवाखान्याच्या कागदांचा गठ्ठा अर्धा बाहेर काढला होता, तो तसाच राहिला. ट्वायला हाडेनफेल्ट दर मंगळवारी गावच्या वाचनालयात मेडिकेअरबद्दल, म्हणजे पासष्टीनंतर मिळणाऱ्या सरकारी आरोग्यविम्याबद्दल, सल्ला द्यायला बसत, फुकट. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या. व्हर्लिनची मुलगी त्यांच्या हाताखालून गेली होती, त्यामुळे अजूनही त्यांच्यासमोर तो टोपी काढून बसे.

"पासष्ट कधी?"

"मार्चमध्ये. ड्वेन म्हणतो खाजगी विमा कंपनीची एकत्र योजना घे, वरचा हप्ताच नाही. दात फुकट, चष्मा फुकट, वर व्यायामशाळा." ड्वेन त्याच्याबरोबर धान्याच्या कोठारावर कामाला होता.

"व्यायामशाळा!" आर्लिस म्हणाली. "हा पत्रपेटीपर्यंत ट्रकने जातो."

"ड्वेनला आजार काय?"

"काही नाही. रेडा आहे नुसता."

"मग त्याला चालेल. पण त्यात डॉक्टर कंपनीच्या यादीतला लागतो. तुमचा कोण?"

"ओमाहाला एक बाई आहेत. लहानपणी हृदय शिवलेली माणसं मोठी झाली की त्यांच्याकडे जातात."

ट्वायलाबाईंनी संगणकावर बराच वेळ शोधलं. त्या डॉक्टरबाईंचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. "मग दुसरी वाट. सरकारचं मेडिकेअर, आणि ते जेवढं भरत नाही त्यासाठी पुरवणी विमा. दर महिन्याला हप्ता पडेल, पण मेडिकेअर घेणारा कुठलाही डॉक्टर चालेल. ओमाहाच्या बाईसुद्धा."

"पुरवणीवाले मला घेणार नाहीत, बाई," व्हर्लिन म्हणाला. उद्या बर्फ पडणार आहे, हे सांगावं तितक्याच साधेपणाने.

त्याला तक्रार करायची नव्हती. तो जन्मला तेव्हाच हृदयात भोक होतं. शाळेत जायच्या वयाआधी मिनियापोलिसला छाती उघडून ते शिवलं, आणि तेव्हापासून विम्याच्या प्रत्येक माणसाने त्याला एकच प्रश्न विचारला होता आणि उत्तर ऐकून पेनाचं टोपण लावलं होतं. तरुणपणी मेव्हण्याबरोबर विहिरी खोदायचा धंदा काढायचं त्याच्या मनात होतं. पण कोठारावर सगळ्या कामगारांचा मिळून विमा होता, त्यात एकेकाला निवडत नसत. तो तिथेच ट्रक तोलत राहिला. मेव्हण्याच्या यंत्राची घरघर पलीकडच्या शेतातून यायची, तेव्हा तो काट्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायचा.

ट्वायलाबाईंनी चष्मा काढला.

"ऐका. पासष्टाव्या वर्षी मेडिकेअर सुरू झालं की पुढचे सहा महिने पुरवणी कंपनीला तुम्हाला नाही म्हणता येत नाही. आजारी म्हणून हप्ता वाढवता येत नाही. कायदा आहे."

"पण माझं हृदय—"

"हृदय असो, फुप्फुस असो. नंतर मात्र विचारतील, आणि नाहीही म्हणतील. ड्वेनसारखं करून वर्ष-दोन वर्षांनी परत यायचं म्हणालात, तर मी काही करू शकणार नाही."

"हे सगळ्यांना आहे?"

"सगळ्यांना. पासष्ट गाठलं की झालं."

"पासष्ट गाठलं की," आर्लिस हळूच म्हणाली, आणि गठ्ठा पर्समध्ये परत कोंबताना तिला चेन लावता येईना.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून व्हर्लिनने पुरवणी विम्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे दक्षिणेकडची कुणी बाई होती, शब्द लांबवत बोलणारी. तिने नाव विचारलं, पत्ता विचारला, मेडिकेअरचा क्रमांक विचारला, जन्मतारीख विचारली. व्हर्लिन खुर्चीत ताठ बसून पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागला.

"झालं, मिस्टर कुचेरा. एक मार्चपासून सुरू."

"आणखी काही विचारायचं नाही?"

"नाही हो. तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही, मॅडम."

त्याने फोन ठेवला. आर्लिस हातातला टॉवेल पिळत उभी होती. "काय? नाही म्हणाली?"

"घेतलं."

"असंच?"

"असंच. मी कोण, एवढंच विचारलं."

बाहेर नदीच्या बाजूने करकोचे उतरत होते, हजारोंनी, त्यांच्या आवाजाने काचा थरथरत होत्या. दर वर्षी येतात. तरी दोघंही खिडकीशी जाऊन पहिल्यांदाच बघत असल्यासारखी उभी राहिली. "हप्ता जड आहे," शेवटी आर्लिस म्हणाली. "जुनाच ट्रक चालव आता." तो हसला.

मार्चमध्ये, वाढदिवसानंतरच्या रविवारी, तो वृद्धाश्रमात आईला भेटायला गेला. लिबी कुचेराला ऐकू कमी यायचं, आणि कोणता महिना चालू आहे हे ती विसरायची, पण माणसं विसरायची नाही. व्हर्लिनने तिच्या आवडीचे कोलाचे, जर्दाळू भरलेले गोड पाव, आणले होते. तो तिच्या कानाशी वाकला.

"आई, मी पासष्टचा झालो!"

"कोण म्हणतं?"

"सरकार म्हणतं. मेडिकेअर मिळालं."

"डॉक्टर वॉल्टर्सला सांग," ती म्हणाली. "तू तान्हा असताना तो म्हणाला होता, बाई, याला शाळेचा सदरा शिवू नका."

"आई, तो जाऊन किती वर्षं झाली."

"ठाऊक आहे. त्याच्या अंत्यविधीला तुला मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलं होतं. नवा सदरा घालून." ती तोंडावर हात ठेवून हसली. मग हसू ओसरलं आणि तिने हात पुढे केला. "दाखव."

काय ते त्याला सांगावं लागलं नाही. ऑपरेशनच्या आधी त्याची नखं निळी असायची. रोज सकाळी पांघरूण सारून ती आधी नखं बघायची, मगच त्याला उठवायची. त्याने दोन्ही हात तिच्या मांडीवर ठेवले. जाड, राठ झालेले हात. तिने एकेक बोट खिडकीच्या उजेडाकडे वळवून नीट पाहिलं. घाई केली नाही.

"गुलाबी आहेत," ती म्हणाली, आणि कोलाचा उचलला.