टोपण लावून आलेला पाहुणा

मित्रांनो, टेबलाखाली पाय लांब केलेत की ज्याच्या पत्र्यावर तुमचा अंगठा आपटतो, तो काळा डबा म्हणजे मी. मी कॉम्प्युटर आहे, आणि आमच्या जातीच्या मानाने चांगलाच म्हातारा. माझ्या मालकीणबाईंच्या सासूबाई मला सरळ डबाच म्हणतात. मालकीणबाई मला सीपीयू म्हणतात, आणि ज्या दिवशी मी अडून बसतो त्या दिवशी काहीच म्हणत नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहतात. ते बघणे मला जास्त लागते.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जन्मतः मी तसा नव्हतो. एका दुकानाच्या मागच्या खोलीत, चष्मा कपाळावर चढवून काम करणाऱ्या कारागिराने मला जुळवले. मदरबोर्ड बसवला, रॅमच्या दोन पट्ट्या दाबल्या, वायरी नीट बांधल्या, आणि माझा पंखा पहिल्यांदा फिरला तेव्हा पाठीवर हलकीशी थाप दिली. तिथून मी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात गेलो. तिथे माझे कौतुक काय विचारता! माझ्यासमोरची खुर्ची मिळावी म्हणून लोक सकाळी लवकर यायचे. पुढे नवी मशिने आली, मी कोपऱ्यात गेलो, आणि मग माझे कव्हर उघडायचे ते काहीतरी काढून न्यायलाच, अशी तिथे रीत पडली. कोणी सीडीचा ड्राइव्ह नेला, कोणी एक पंखा नेला, एकाने तर नुसते स्क्रू नेले. ज्याने ज्याने मला उघडले, तो रिकाम्या हाताने उठला नाही. आता मी कोणावर आणि कसा विश्वास ठेवायचा?

मालकीणबाई त्याच ऑफिसात नकाशे काढत. बाळंतपणासाठी त्या घरी बसल्या तेव्हा ऑफिसने मला त्यांच्याबरोबर पाठवून दिले, आणि त्या घरूनच काम करू लागल्या. मुलीचे पाळण्यातले नाव काही का असेना, घरात तिला भिंगरीच म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. तिला पाय फुटल्यापासून मालकीणबाईंनी घराला अगदी तटबंदी केली. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, कपाटाच्या दारांना अडसर, भिंतीतल्या प्लगांना प्लॅस्टिकची टोपणे. बोट जाईल असे एकही भोक त्या घरात उघडे राहिले नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, "आमच्या नाकपुड्या तेवढ्या ठेवल्यास गं उघड्या, उपकार झाले."

अशात ऑफिसने सपाट नकाशे घेणे बंद केले. आता इमारत पडद्यावर उभी करायची, गोल फिरवायची, आतल्या खोल्याखोल्यांतून चालल्यासारखे दाखवायचे. मालकीणबाई ते शिकल्या, पण माझ्या अंगात त्राण कुठे होते? एका बालवाडीची इमारत उभी करताना जिन्यापर्यंत आलो की मला धाप लागायची आणि पडदा गोठायचा. ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. शुक्रवारपर्यंत बालवाडी हातात हवी, नाहीतर हे काम आणि पुढची कामे दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागतील, असे ते अगदी गोड आवाजात म्हणाले. "घरून जमत नसेल, तर तसं सांगा." मालकीणबाईंनी जमेल म्हणून सांगितले आणि फोन ठेवला. त्यांचा हात किती तरी वेळ माझ्या पत्र्यावर तसाच होता. एकदा हातचे गेलेले काम लहान मुलीच्या आईकडे परत येत नाही, हे त्यांना चांगले माहीत होते.

मालकीणबाईंचे धाकटे दीर, भावजी, म्हणाले की नवे मशीन घ्यायची काही गरज नाही, याच्या पोटात रॅम वाढवू आणि पडद्यावरची चित्रे झपाट्याने हलवणारे एक ग्राफिक्स कार्ड बसवू, की म्हातारा उड्या मारेल. कार्ड त्यांच्या मित्राचे होते, वापरलेले. झाले! मालकीणबाईंची चौकशी सुरू झाली. मित्राने ते का काढले? दिवसरात्र चालवून दमवलेले तर नाही? त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले, पंख्याची पाती बोटाने फिरवली, आणि शेवटी नाकाशी धरून जळका वास येतो का तेही पाहिले. बसवायच्या दिवशी घेऊन येतो म्हणत भावजी ते परत घेऊन गेले. मला त्यांचे सगळे पटत होते. माझा तर भावजींच्या खिशांवरच डोळा होता. आता हा काय काढून नेतो, एवढेच मी बघत होतो.

त्या दिवशी भावजींनी माझ्या पत्र्याला हात टेकवून स्वतःच्या अंगात साचलेली वीज उतरवली आणि मला उघडायला घेतले. पण त्याआधी मालकीणबाईंनी रंगीत चिकटपट्ट्या आणल्या. त्या नकाशे काढणाऱ्या, त्यामुळे खुणेशिवाय त्यांचे पान हलत नाही. प्रत्येक केबलला एक रंग आणि ती जिथून निघाली त्या जागेला तोच रंग. जे जिथून काढाल ते तिथेच परत लावायचे, असा हुकूम निघाला. स्क्रू झाकणाच्या डबीत गेले. रॅमच्या जुन्या पट्ट्या निघाल्या, त्या मालकीणबाईंनी स्वतःच्या मुठीत घेतल्या. नव्या पट्ट्या टक्कन बसल्या आणि मला एकदम छाती भरून श्वास घेतल्यासारखे वाटले.

मग कार्ड आले. जाडजूड, दोन पंख्यांचे, आणि केबल लावायच्या तोंडांवर काळी रबरी टोपणे. ती बघून मालकीणबाईंना पहिल्यांदा बरे वाटले. भावजी टोपणे काढायला गेले, तर म्हणाल्या, "राहू द्या ती. भिंगरी बोटं घालते." मग त्या रंग सांगत गेल्या आणि भावजी केबली लावत गेले. लाल लालला, पिवळी पिवळ्याला.

"वहिनी, ऑपरेशनच्या वेळी नर्ससुद्धा डॉक्टरला एवढं सांगत नाही," भावजी म्हणाले.

मी सुरू झालो. रॅम वाढलेली दिसली. पण बालवाडी उघडली, जिन्यापर्यंत आली, आणि गोठली. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. मी माझ्या पोटातल्या पाहुण्याकडे पाहिले. वीज घेत होता, पंखे फिरवत होता, आणि काडीचे काम करत नव्हता. मनात म्हटले, हा आयतोबा निघाला.

मालकीणबाई पडद्याकडे बघतच बोलल्या. "भावजी, तुम्ही मला दाखवलं होतं, ते हेच कार्ड ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. विचारलं."

भावजींच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "चांगलं कार्ड मी माझ्याकडे ठेवलं आणि भंगार तुम्हाला बसवलं, असं म्हणायचंय का वहिनी?"

मालकीणबाई पुन्हा बालवाडी उघडायला लागल्या. भावजींनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला, कार्ड काढून ठेवा, मित्राला परत करतो, एवढे सांगितले आणि चपला घालून निघून गेले. सासूबाई दारातून सगळे ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकीणबाई बालवाडीचा जिना वेगळा काढून, तुकड्या-तुकड्याने जमते का ते बघत होत्या. शुक्रवार तोंडावर आला होता. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आले की भिंगरी फार गप्प आहे. आई झालेल्या बाईला गडबडीची भीती वाटत नाही, शांततेची वाटते. भिंगरी माझ्या मागे बसून काहीतरी चघळत होती. मालकीणबाईंनी तिच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढले. काळे रबरी टोपण! त्यांचा जीव भांड्यात पडला, पण लगेच दुसरी काळजी लागली. आणखी टोपणे निघाली असतील तर? त्या गुडघ्यांवर बसल्या, मोबाइलचा टॉर्च लावला आणि माझ्या पाठीत डोकावल्या.

एकच टोपण निघाले होते. त्या जागी कार्डाचे उघडे तोंड दिसत होते. मालकीणबाई ते नीट बघत राहिल्या. मग त्यांची नजर वर गेली, लाल पट्टीच्या जागी खोचलेल्या मॉनिटरच्या केबलकडे. दोन्हींचा आकार अगदी एक.

भावजींनी आजवर आपल्या मशीनमध्ये जुने कार्ड काढून नवे घातले होते, त्यामुळे केबल आपोआप कार्डालाच लागायची. माझ्याकडे कार्ड आधी नव्हतेच. केबल माझ्या मदरबोर्डाच्या जुन्या तोंडाला होती, तिथून काढली आणि रंग बघून तिथेच परत लावली. पडद्याची वाट कार्डाकडून गेलीच नव्हती. बिचारा पाहुणा तोंडावर टोपण घेऊन बसला होता, आणि आम्ही सगळे त्याला कामचोर ठरवत होतो.

मालकीणबाईंनी केबल काढली. लाल पट्टीवरून हात उचलायला त्यांना जड गेले, पण उचलला, आणि केबल कार्डात खोचली. पडदा क्षणभर काळा झाला. मग बालवाडी उघडली, दार, वर्ग, जिना, आणि न अडखळता पहिल्या मजल्यावर पोहोचली. इतके हलके मला दुकानातसुद्धा वाटले नव्हते.

त्यांनी आधी काम पुरे केले नाही. आधी फोन लावला.

"भावजी, कार्ड चांगलं आहे."

"मला माहीत होतं."

"केबल जुन्याच जागी होती. मीच तिथे लावायला लावली. आणि काल मी तुम्हाला जे विचारलं, ते फार वाईट होतं."

"विचारलंत याचं काही नाही वहिनी. माझं उत्तर यायच्या आत तुमचं ठरून गेलं होतं, ते लागलं." मग आवाज थोडा सैल झाला. "आणि मी तरी कुठे मागे वाकून बघितलं? रागाने निघून आलो."

संध्याकाळी ते आले. मालकीणबाई त्यांना बालवाडीतून फिरवत होत्या. जिन्यावर आल्यावर त्या एकदम थांबल्या. कठड्याच्या दोन गजांमधली फट त्यांनी मापून पाहिली, मांडीवरच्या भिंगरीच्या डोक्याला मापाची टेप आडवी लावली, आणि पुन्हा मापली. डोके आरपार गेले असते. कागदावरच्या सपाट नकाशात ते कोणाच्या नजरेला आले नव्हते. त्यांनी गज जवळ घेतले, कारण लिहिले आणि शुक्रवारच्या आतच इमारत धाडून दिली. साहेबांचा फोन आला तेव्हा ते घरून जमण्याबद्दल काही बोलले नाहीत. पुढच्या इमारतीचे कागद कधी पाठवू, एवढेच त्यांनी विचारले.

मित्रांनो, संशय घेऊ नका असे मी सांगणार नाही. मी तो सोडलेला नाही, आणि त्या कठड्यावर मालकीणबाईंनी संशय घेतला नसता तर कोणाच्या तरी लेकराचे डोके अडकले असते. पण तो जिन्यावर घ्या, केबलवर घ्या, स्वतःच्या रंगीत पट्ट्यांवरही घ्या. घरच्या माणसावर घ्यायच्या आधी गुडघे टेका, टॉर्च लावा आणि मागच्या बाजूने एकदा बघा. आणि मागे आलाच आहात, तर मला बंद करा, मऊ ब्रश घ्या आणि माझ्या पंख्यांवर साचलेली धूळ तेवढी झटका. काही काढून न नेता उठणाऱ्या त्या हाताला मी ओळखतो आता.