वायफायचं नाव

मला कुणी भोळी समजू नये. तेहेतीस वर्षं तांता शहरातल्या शाळेत वर्ग सांभाळलेत मी. पोरीनं कॉपी केली की तिच्या नुसत्या मानेवरून ओळखायची. अफ्कारबाईंच्या डोळ्यांतून काही सुटत नाही, अशी माझी ख्याती होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ती आवडायची.

माझ्या समोरच्या दारात इन्शिराह राहते. घरी बसून द्राक्षाच्या पानांत, कोबीत भात भरून देते, त्यावर तिचं घर चालतं. नवरा गेला तेव्हा चाळिसाव्या दिवसाच्या दुखवट्याला मीच तिची मुलगी सुंदुस हिला जवळ घेऊन म्हणाले होते, "माझं वायफाय ते तुझं वायफाय, अभ्यास थांबवायचा नाही." पासवर्डही मीच तिच्या फोनात घालून दिला. जिन्यात चारजणींनी ऐकलं, मला बरं वाटलं.

घरच्या नेटला महिन्याचे एकशेचाळीस जीबी. एरवी ते पंचवीस तारखेपर्यंत पुरायचे. या महिन्यात बारा तारखेलाच ठणठणाट. मी किती वापरते? शारजाहला मुलाशी, वाइलशी बोलते आणि चार पाककृती बघते. मग उरलं कोण? सुंदुस गेले पंधरा दिवस परदेशी लोकांना अरबी शिकवायचं काम मिळवायच्या मागे होती. शनिवारी दहाला एका जर्मन बाईसमोर नेटवरून तिचा परीक्षेचा तास होता. तो जमला की नोकरी पक्की, हे तिनं मलाच पहिल्यांदा सांगितलं होतं. मी गोडगोड हसले होते आणि आता मनात म्हणत होते, बोट दिलं तर हात गिळायला निघाली.

विचारायचं होतं मला. दार ठोठावून नीट विचारायचं होतं. पण माझा स्वभाव असा की एकदा ठरवलं की ठरवलं. शुक्रवारी नवीन पॅकेज घेतलं, पासवर्ड बदलला आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून वायफायचं नावही बदललं. इथे लोक करतात असं. कुणी शेजाऱ्याला टोमणा मारतो, कुणी देवाची आठवण करून देतो, सगळ्या इमारतीच्या फोनांवर ते दिसतं. मी लिहिलं, "समोरचे चोर". लांब नाव बसेना, नाहीतर अजून लिहिलं असतं.

शनिवारी सकाळी सव्वानऊला बेल वाजली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. सुंदुस होती. नवा स्कार्फ बांधलेला, हातात वही. तीनदा वाजवली बेल तिनं. मी श्वास रोखून दारामागे उभी राहिले, चोर असल्यासारखी. मग ती जिना उतरून गेली. शेजारच्या महल्ला शहरात मावशीकडे गेली, असं नंतर कळलं. दहापर्यंत ती तिथे पोचणं शक्यच नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

सोमवारी पाहते तर नव्या पॅकेजचा तिसरा हिस्सा साफ. घरात मी एकटी, पासवर्ड कुणाकडे नाही. वाइलला फोन लावून मी कंपनीला शिव्या घालायला सुरुवात केली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, कॉम्प्युटर चालू आहे का. चालूच असतो, म्हटलं. सुरू व्हायला पाव तास घेतो मेला, कोण बंद करतंय. धूळ बसू नये म्हणून पडद्यावर मी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल असतो.

"रुमाल काढ, आई," तो म्हणाला.

काढला. खाली लिहिलेलं होतं की अपडेट बसलं नाही, पुन्हा उतरवून घेत आहे. आत जागाच उरली नव्हती. तो आपला उतरवून घ्यायचा, बसेना म्हणून टाकून द्यायचा, परत पहिल्यापासून सुरू. पंधरवडाभर हाच धंदा, माझ्या रुमालाखाली. नेट मोजून मिळतं असं कॉम्प्युटरला सांगायची एक खूण असते, ती वाइलनं मला फोनवरून करायला लावली. दोन मिनिटंही लागली नाहीत. मी खुर्चीत बसून राहिले. वाइल हॅलो हॅलो करत होता. लाजेनं मी फोन ठेवून दिला.

तशीच उठले आणि समोरचं दार वाजवलं. काय बोलायचं ते घोकलं होतं. इन्शिराहनं दार उघडलं, बोटांना भात चिकटलेला, आणि माझं तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "या बाई. तुमची लाइन झाली का दुरुस्त? सुंदुस म्हणाली, बाईंचं नेटच बंद पडलंय, त्यांना त्रास द्यायचा नाही. तास बुडाला तिचा. जाऊ दे, नशिबात नव्हतं. थांबा, तुमच्यासाठी ताट काढून ठेवलंय."

पोरीनं आईला काही सांगितलंच नव्हतं. आणि इन्शिराहला वाचता येत नाही. पंधरा वर्षं मी म्हणत आले, ये गं, मी शिकवते तुला. एक दिवस बसवलं नाही समोर.

ती ताट घेऊन आली, वर झाकण. दुसऱ्या हातात फोन होता. "एवढं सांगा बाई, हे वर काय येतंय? खालच्या मजल्यावरची बाई वाचून हसली. किराणावाला पण हसला. सुंदुस म्हणते, कंपनीचे आकडे आहेत." तिनं फोन माझ्यापुढे धरला. "आकडे मला येतात. हे आकडे नाहीत."

निघायच्या घाईत मी ते नाव बदललंच नव्हतं.

खोटं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, शाळेत मुलं बघतात तशी. मी वाचलं, "समोरचे चोर."

तिनं फोन परत स्वतःकडे वळवला.

"कुणाच्या समोरचे?"

"माझ्या," मी म्हणाले. "मीच लिहिलंय. आणि चोर कुणीच नव्हतं, इन्शिराह. माझाच कॉम्प्युटर खात होता."

तिनं फोन दाराजवळच्या फळीवर ठेवला. मग ते ताट, तसंच झाकलेलं, माझ्या दोन्ही हातांत दिलं आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

ताट अजून गरम होतं.