कुलूप एकदाच

हेडली थर्लवेल घर सोडताना कुलूप सात वेळा ओढून बघायचा. अकरा वर्षं. सहा वेळा ओढलं तर नदीच्या पलीकडच्या काठावरची त्याची थोरली बहीण एडना मरेल, असं त्याला डोक्यातला आवाज सांगायचा. गोळ्यांनी आवाज बारीक झाला होता, गेला नव्हता.

दर गुरुवारी इझोबेल नावाची नर्स त्याच्याशी बोलायला यायची. आवाज खोटा आहे, असं ती कधी म्हणाली नाही. एकदा एवढंच विचारलं, "त्याचं म्हणणं किती वेळा खरं ठरलंय?"

"मी कधी मोडलंच नाही बाई, मग कळणार कसं?"

"मग मोडून बघूया?"

तीन आठवडे तो टाळत राहिला. चौथ्या गुरुवारी त्याने कुलूप एकदाच ओढलं आणि खिशात मुठी आवळून तिच्याबरोबर नदीवरच्या बोटीत चढला.

"गेली ती! तू मारलीस!" आवाज ओरडत होता. हेडली बाकावर बसेना, कठड्यापाशी येरझाऱ्या घालू लागला. एडनाला फोन लावला. नुसतीच घंटी. परत लावला. तेच.

"किती टक्के वाटतं, ती गेली असेल?" इझोबेलने विचारलं.

"सत्त्याण्णव. बोट परत फिरवायला सांगा."

"फिरणार नाही ती. आणखी चार मिनिटं. मी आहे इथे."

बोट लागताच तो पळत सुटला. एडना तळलेल्या माशांच्या दुकानात कामाला होती. काउंटरवर कुणीच नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारातून मटारचं पातेलं घेऊन ती आली. "अरे, तू? इकडे? आणि थोबाड का असं उतरलंय?"

"फोन का उचलत नाहीस गं?"

"उचलू कशाने? हात तेलाचे. बस, खाऊन जा."

"उद्या मरेल," आवाज म्हणाला. हेडलीने ते मागून आलेल्या इझोबेलला सांगितलं.

"आता किती?"

त्याने बहिणीकडे नीट बघितलं. "साठ. पंचावन्न म्हणा."

बसवत नव्हतं, म्हणून मासा त्याने उभ्यानेच खाल्ला. भरपूर व्हिनेगर घालून.

आवाज अजून येतो, गोळ्याही चालू आहेत. पण बहुतेक शनिवारी हेडली एकटा नदी ओलांडतो. कधी कधी धक्क्यावरूनच माघारी फिरतो. मग पुढच्या शनिवारी एडना त्याला चांगलीच झापते.