बारा पाय

भक्तीबाईंनी फळ्यावर एकच ओळ लिहिली, खडू खाली ठेवला आणि हात झाडून त्या मुलांकडे वळल्या.

"अंगणात बारा पाय दिसतायत. अंगणात कोण कोण असेल?"

तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग. एकच गलका उठला. विजयदुर्गच्या खाडीकाठच्या या शाळेत बदलून आल्यावर बाईंच्या लवकरच लक्षात आलं होतं, की एकच उत्तर असलेलं गणित मुलं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतात आणि मोकळी होतात. म्हणून शुक्रवारी त्या असं एखादं गणित घालत. उत्तरं कितीही चालतील. मात्र आपलं का बरोबर, ते ज्याचं त्याने पटवून द्यायचं.

मुलं व्हरांड्यात पांगली आणि फरशीवर खडूने चित्रं काढू लागली. चंदनने तीन गायी काढल्या. लवूने नांग्या उगारलेली एक भलीमोठी कुर्ली काढली, आणि तिच्याशेजारी घाबरलेली कोंबडी.

"कुर्लेचे धा, कोंबडयेचे दोन," तो म्हणाला.

"कुर्लेक आठच पाय," चंदन वाकून बघत म्हणाला. "फुडचे ते डेंगे. ते पाय न्हय."

"कुर्ली चलताना डेंगे भुंयेक टेकतत. मगे ते पायच."

भांडण चांगलंच रंगलं. बाईंनी निवाडा दिला नाही. शेवटी मुलांनीच ठरवलं, की जमिनीला टेकतं आणि चालायला लागतं ते सगळं पाय म्हणून मोजायचं. चंदनला ते पटलं नव्हतं, पण तो एकटा पडला.

तेजस्वी खांबाजवळ पाठमोरी बसली होती. बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. तिने मांजर काढलं होतं, चार पायांचं. मग आजी, आई आणि दोन वेण्या घातलेली ती स्वतः. आणि अंगणाच्या मधोमध, सगळ्यांपेक्षा उंच, एका पायावर उभा असलेला माणूस. त्याच्या काखेत कुबडी होती.

बाईंना मोजावं लागलं नाही. तेजस्वीचे वडील सुदेश मच्छीमार ट्रॉलरवर होते. गेल्या हंगामात जाळं ओढताना दोराने पाय धरला, आणि तो गुडघ्याखालून काढावा लागला. तेव्हापासून त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. भेटायला कुणी आलं की ते आतल्या खोलीत जात. हळूहळू लोकांनीही जाणं सोडलं. बाई एकदा गेल्या होत्या. चहा पिऊन, तेजस्वीच्या आईशी अभ्यासाचं बोलून परत आल्या होत्या.

पायांचंच गणित कसं सुचलं आपल्याला, या विचाराने त्यांचा हात नकळत पदराशी गेला. चित्र झाकावं असं त्यांना वाटलं. पण तोवर मुलं भोवती जमली होती.

"अकरा होतत," चंदन म्हणाला.

"कुबडी धरून बारा," तेजस्वी म्हणाली.

"कुबडी पाय न्हय. ती पत्र्याची."

"पत्र्याची आसांदे," लवू म्हणाला. "भुंयेक टेकता मा? काका तिना चलतत मा? आपण आताच ठरवला."

सगळ्यांनी तेजस्वीकडे पाहिलं. ती खडूने कुबडीवरची रेघ पुन्हा पुन्हा गिरवत होती.

"चलणत नाय," ती हळूच म्हणाली. "ती दाराच्या पाठी आसा."

लवूने डोकं खाजवलं. त्याला तिच्या बाजूने बोलायचं होतं, पण आपणच केलेला नियम मोडवेना.

"मगे अकराच गो."

घंटा झाली. बाईंनी तेजस्वीच्या पाठीवर हात ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. "उद्या बघू हां" एवढंच त्यांना जमलं. मुलं गेल्यावर त्या ओलं फडकं घेऊन फरशी पुसायला बसल्या. खांबाजवळ आल्यावर थांबल्या आणि तेवढी जागा सोडून उठल्या.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना संपून मुलं वर्गात जात होती, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सुदेश आत येत होते. दाढी नुकतीच केलेली, शर्टाला घडीच्या रेघा. चार पावलांमागे तेजस्वी दप्तर छातीशी धरून चालत होती. बाई घाईघाईने पायऱ्या उतरल्या.

"सुदेशभाऊ, कालच्या गणितात माझ्या मनात तसं काहीच..."

"बाई, चेडू काल जेवूक तयार नाय," सुदेश तेजस्वीकडे मान हलवत म्हणाले. त्यांना दम लागला होता. "म्हणता, तुमी भायर खळ्यात येवा, नायतर माझा गणित चुकता. तिच्या आवशीन समजावल्यान, मी वराडलंय. आयकणा नाय."

"मुलं आहेत हो. मी सांगते तिला."

"तिका नको. ज्येनी अकराच म्हटल्यान तो खंय आसा?"

लवू दाराआडून पुढे आला. बाईंनी आतून खुर्ची आणायला सांगितली.

"खुर्ची नको," सुदेश म्हणाले. "बसलंय तर पोराक मोजूक गावचा नाय."

लवूने त्यांच्या पायाकडे बघितलं, मग कुबडीकडे. मोठी माणसं जसं बघणं टाळतात तसं त्याने टाळलं नाही.

"काका, नुसते उभे रवलात तर चलाचा नाय," तो गंभीरपणे म्हणाला. "चलान दाखवूक व्हया."

सुदेशनी त्या पोराकडे बघितलं. मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. ते वळले आणि शाळेच्या अंगणातून कडेकडेने चालू लागले. दवाने माती ओली होती. लवू आणि चंदन गुडघ्यांवर हात ठेवून मागोमाग निघाले. पायाचा ठसा, मग कुबडीचा वाटोळा, पुन्हा पायाचा. त्यांच्यामागे एकेक करत सगळा वर्ग उतरला. रस्त्यावरून एक स्कूटर हळू झाली. सुदेश ज्या ट्रॉलरवर होते, तो चालवणारे तांडेल दाजी एक पाय जमिनीला टेकवून कुंपणापलीकडे उभे राहिले. सुदेशनी त्यांना बघितलं. मान खाली घातली नाही, हात वर केला.

तेजस्वी तेवढी पायरीवर बसून होती. बाई तिच्याशेजारी बसल्या.

"तू नाय गेलंस गो?"

"मी हयसून मोजतंय."

"मगे किती झाले?"

तेजस्वीने अंगणावरची नजर काढली नाही.

"थांबा बाई," ती म्हणाली. "पप्पा अजून थांबूक नाय."